टिटवीभोवती चुन्याची रेघ

सर, यंदा मृगाच्या तोंडावर मी तळ्यावर जाऊन आले. दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही माझ्याकडून जे कबूल करून घेतलं होतं, तेच करायला गेले होते. आता मीही शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे टाळायला सबब उरली नव्हती.

आधी टेकडी चढले, आपण चढायचो तशीच, उजाडता उजाडता. सागाला पान नाही, आणि खाली वाळक्या पानांचा असा कर्रकर्र आवाज की पक्षी सोडा, वाघानंही वाट बदलावी. "पाय उचलून टाका रे, वरातीत आलात का?" असं तुम्ही दटावायचात. एक दुर्बीण आणि आम्ही पाच-सहा शाळकरी पोरं, नुसती ओढाताण. नाल्याच्या सावलीत नवरंग पक्षी दिसला की तुमचा आवाज लहान पोरासारखा व्हायचा. मग पलीकडे उतरून तळं. एका वर्षी पाणी मधोमध डबक्याएवढं, काठानं भेगाळलेली माती, आणि त्या मातीत टिटवीची चार अंडी. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "सर, टिटवीनं खोलात अंडी घातली म्हणजे यंदा पाऊस कमी. आमची आजी सांगते." तुम्ही दुर्बीणसुद्धा खाली घेतली नाही. "काहून? वेधशाळेचा फोन आलता का तिले?" सगळे खो खो हसले. मी घरापर्यंत फुगून चालले. अंधश्रद्धेचं नाव काढलं की तुमचे कान लाल व्हायचे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

आणि त्याच आठवड्यात तुम्हीच तोंडघशी पडलात. आपण उतरतोय तर तळ्यात ट्रॅक्टर उभे. कापसानं त्या वर्षांत सगळ्यांचं तोंड कडू केलं होतं. जमीन थकली म्हणून जो तो तळ्यातला गाळ वावरात नेऊन टाकत होता. टिटवी ट्रॅक्टरच्या तोंडासमोर पंख फुगवून किंचाळतेय. तुम्ही आधी नीट समजावलंत, "चार अंडी हायेत बाप्पा, थोडं बाजूनं खणा." ट्रॅक्टरवाला म्हणाला, "सर, अंड्यापायी वावर उपाशी ठेवू का?" त्याचंही चूक नव्हतं. त्यानं गिअर टाकला. आणि तुम्ही, आम्हाला प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणारे तुम्ही, खणखणीत आवाजात म्हणालात, "टिटवीची अंडी मोडली त तळ्यात पाणी थांबत नाई!" माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ट्रॅक्टर बंद झाला. कुणीतरी घरून चुना आणून अंड्यांभोवती गोल रेघ मारली. परत येताना तुम्ही एवढंच बोललात, "हे शाळेत सांगाचं नाई."

नशीब बघा, त्या साली तळं काठोकाठ भरलं. झालं! तुमचं वाक्य गावानं पक्कं धरलं. दरवर्षी गाळ काढायच्या आधी पोरं अंडी शोधत फिरायची, चुन्याची रेघ पडायची, आणि तुम्ही तिकडे बघायचंसुद्धा टाळायचात. शेवटच्या आजारात तेच डोक्यात. "उद्या कोनाच्या पायाखाली अंडं आलं अन् तळं आटलं, त गाव त्याले धरन. मी पेरलं हे. गावाले खरं सांगून देजो." मी हो म्हणाले. मग वर्षं गेली, आणि ती भीती तुमच्याकडून माझ्याकडे आली. तळं आटल्याची बातमी पेपरात दिसली की मी आधी गावाचं नाव शोधते.

तर यंदा तळ्यावर एक बाई भेटली, काठालाच तिचं वावर. "मॅडम, तिकडून चाला, टिटवी बसली हाये." रेघ होती. मी विचारलं, ही रीत कोणी घातली? "आमच्या आजेसासऱ्यापासून चालत आली हाये." मला हसू आवरेना. तुमचं खोटं त्या बाईच्या लग्नाहून फार जुनं नसेल हो! मग जीव मुठीत धरून पुढचं विचारलं. चुकून अंडं मोडलं तर? ती पदर खोचत म्हणाली, "मागच्या साली माह्याच बैलानं मोडले ना. टिटवीनं अजून घातले. तिले दुसरं कामच काय?" गाव काही बोललं नाही? "कायले बोलन? पानी त थांबलंच." मग रेघ कशाला मारता? माझ्याकडे तिनं अशी नजर टाकली, वर्गात ढ पोराकडे आपण टाकतो तशी. "मारली त काय बिघडते, मॅडम? तिचीबी लेकरंच हायेत."

हुश्श! सर, काय सांगू, मी तिथंच बांधावर बसले आणि डोळे भरून आले. इतक्या वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. कुणाला कुणी धरलं नव्हतं. तुमचं वाक्य त्यांनी कधीच सोडून दिलं होतं, रेघ तेवढी ठेवली होती. सांगायचं काही उरलंच नाही, म्हणून सांगितलं नाही.

एक मात्र आहे, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही याचं त्यापायी बरंच वाटतं. थोडं पुढे दुसरं घरटं निघालं. बाईनं चुन्याचं टोपलं माझ्या हातात दिलं. मी वाकून रेघ पुरी केली, आणि करता करता तोंडातल्या तोंडात टिटवीला म्हणाले, पाणी थांबू दे गं बाई.