एक्केचाळीस की सत्तेचाळीस

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. माझं डोकं अगदी शांत आहे, याची कुठेतरी नोंद हवी म्हणून.

हार्लन योस्ट माझ्याशी बोलत नाही, त्याला आज चौदा महिने झाले. मला काही फरक पडत नाही. (चौदा महिने आणि तीन दिवस.)

कारण क्षुल्लक आहे. माझ्याकडे १९१७ सालचं जर्मन लुगर पिस्तूल आहे. संग्रहातला हिरा. त्याच्या झाडून सगळ्या सुट्या भागांवर एकच आकडा ठोकलेला आहे: एक्केचाळीस. सगळे आकडे जुळणारं पिस्तूल आमच्या संग्राहक मंडळात दुसऱ्या कुणाकडे नाही. चौदा महिन्यांपूर्वी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये, दहा सभासदांसमोर, हार्लननं भिंग लावून पाहिलं आणि म्हणाला, "वेंडेल, बाजूच्या खिट्टीवर सत्तेचाळीस आहे रे. ही खिट्टी दुसऱ्या पिस्तुलाची."

तो सात नाही. एक आहे. जर्मन माणूस एक लिहिताना त्याला लांब नाक काढतो, हे शाळकरी पोरालाही कळतं. मी हार्लनला आंधळा म्हणालो. तो मला ढोंगी म्हणाला. तीस वर्षांची ओळख, संपली.

एकवीस मार्चला मंडळाचं वार्षिक प्रदर्शन. यंदाची पहिल्या बक्षिसाची निळी फीत माझी. मग बघू हार्लन काय म्हणतो ते. म्हणजे, तो काय म्हणतो याच्याशी मला कर्तव्य नाही.

५ फेब्रुवारी

पिस्तूलवाल्यांच्या इंटरनेटवरच्या फोरमवर खिट्टीचा फोटो टाकला. नाव न सांगता, निव्वळ शास्त्रीय प्रश्न: एक की सात?

सेहेचाळीस उत्तरं. त्रेचाळीस म्हणतात सात. दोघं म्हणतात सांगता येत नाही. एक जण ठामपणे म्हणतो एक. (तो मीच. दुसरं खातं काढलं.)

म्हणजे मत विभागलेलं आहे.

१० फेब्रुवारी

उजेड चुकला होता. आज खिडकीशी, दिव्याखाली, कपाटात टॉर्च धरून, असे एकोणीस फोटो काढले. त्यातल्या एकात, डोळे किलकिले केले तर, स्वच्छ एक दिसतो. तो टाकला. फोरमच्या व्यवस्थापकानं चर्चेला कुलूप घातलं आणि लिहिलं, "काका, आता पुरे."

यापुढे फोरम उघडणार नाही. शपथ.

११ फेब्रुवारी

नऊ वेळा उघडला.

१४ फेब्रुवारी

लोरीनला जेवायला बाहेर नेलं. बायकोला वर्षातून एकदा तरी पूर्ण लक्ष द्यावं, या मताचा मी आहे. शेवटी गोड म्हणून चेरी पाय येईपर्यंत दिलं. मग रुमालावर आकृती काढून नाकाचा मुद्दा समजावला.

लोरीन म्हणाली, "मी सात म्हटलं तर मला घरी चालत जावं लागेल का?"

मी म्हणालो, हा श्रद्धेचा नाही, पुराव्याचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, "मग हार्लनला फोन कर." या बाईला विषय बदलायची खोड आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या काउंटीतल्या जुन्या पिस्तुलांच्या जत्रेत गेलो. जुन्या भागांच्या खोक्यांचं टेबल. चार तास उकरलं. गुडघे गेले, बोटं काळी झाली. तिसऱ्या खोक्याच्या तळाशी एक लुगरची खिट्टी. तिच्यावर एक्केचाळीस! लहान नाकाचा, बिनवादाचा एक!

घेतली.

हा खोटेपणा नव्हे. माझ्या पिस्तुलावर आधीपासून एकच होता, फक्त नीट दिसत नव्हता. आता दिसेल. यालाच दुरुस्ती म्हणतात.

२४ फेब्रुवारी

खिट्टी बदलली. पाच मिनिटांचं काम. तीन तास लागले, कारण स्प्रिंग उडून फ्रिजखाली गेली. फ्रिज ओढताना लोरीननं लावलेल्या फरशा उचकटल्या. पिस्तुलावर एक बारीक ओरखडा आला. बारीक म्हणजे तीन इंच. बुटांच्या पॉलिशनं झाकला.

नवी खिट्टी किंचित हलते. उन्हाळ्यात धातू फुगतो. बसेल.

जुनी खिट्टी मोज्यांच्या खणात टाकली. फेकवत नाही. कारण माहीत नाही.

२ मार्च, सोमवार

मंडळाची बैठक. कॉफी, डोनट. रूथरफर्डनं त्याचं स्पॅनिश पिस्तूल चौथ्यांदा दाखवलं, आम्ही चौथ्यांदा वाखाणलं. मी लुगर नेलं नाही. धमाका एकदम प्रदर्शनातच.

हार्लन आला नाही. गेल्या दोन बैठकांनाही नव्हता. उघड आहे, माझ्या नजरेला नजर देववत नाही.

त्याची खुर्ची भिंतीशी नेऊन ठेवली होती. मी ती परत जागेवर ओढली. हॉल बेंगरूळ दिसत होता, एवढंच.

४ मार्च

लोरीन भांडी पुसता पुसता म्हणाली, "हार्लनचे डोळे जवळजवळ गेलेत. समोर पाहिलं की मधोमध काळा डाग. कडेचं तेवढं दिसतं. दर महिन्याला कोलंबस शहरात जाऊन डोळ्यात औषधाची सुई टोचून घेतो."

मी म्हणालो, मला कुणी का सांगितलं नाही?

"सगळ्या गावाला ठाऊक आहे, वेंडेल. तू गावाला एकाच गोष्टीबद्दल बोलू देतोस."

कधीपासून, विचारलं. म्हणाली, सुरुवात मागच्या हिवाळ्यात झाली. या नव्हे, आदल्या.

म्हणजे भांडण झालं तेव्हा!

ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो: मला आनंद झाला. उडी मारावीशी वाटली. त्याला सात दिसलाच कसा? त्याला दिसतच नव्हतं! मी म्हणालो तेच, आंधळा!

मग आठवलं की मी त्याला खरंच आंधळा म्हणालो होतो. दहा माणसांसमोर.

ताटातला मीट लोफ तसाच राहिला.

५ मार्च

हार्लननं त्याची सगळी पिस्तुलं लिलावाला दिली म्हणे. बत्तीस. मला न विचारता. सोळा तर आम्ही दोघांनी मिळून शोधलेली. माझं लुगरसुद्धा त्यानंच शोधलं होतं, एका विधवा बाईच्या गोठ्यात, घोंगडीत गुंडाळलेलं. पहिला हक्क त्याचा होता. म्हणाला होता, "तू घे. तुझा चेहरा बघवत नाही."

पण त्याचा इथे संबंध नाही.

८ मार्च, रविवार

गेलो. केवळ शास्त्रीय हेतूनं. पिस्तूल घेऊन.

स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसला होता. माझ्या कानाच्या बाजूला बघत म्हणाला, "कोण?"

"वेंडेल."

"कोण वेंडेल?"

"किती वेंडेल ओळखतोस?"

"एकच होता. तो पुरून उरला."

मी टॉवेल पसरून लुगर पुढे ठेवलं. त्यानं आधी विचारलं, "रिकामं आहे?" मी उघडून दाखवलं. मग लक्षात आलं, दाखवून काय उपयोग. त्यानं करंगळी आत घालून खात्री केली. मग पिस्तूल चाचपलं. ओरखड्यावर अंगठा थांबला, पुढे गेला. खिट्टीपाशी आला. मान वाकडी करून कडेनं पाहिलं. बराच वेळ.

"एकच आहे रे," म्हणाला. "माझं चुकलं. त्या हिवाळ्यापासून मला सगळंच वाकडं दिसायला लागलं होतं."

या वाक्याला द्यायचं उत्तर मी पंधरा महिने घोळवलं होतं. त्यात चार मुद्दे होते. मी विचारलं, कॉफी आहे का.

त्यानं कॉफी ओतली. कप भरला का ते कळावं म्हणून बोट आत बुडवून धरलं होतं. कॉफी उकळती होती.

९ मार्च

मी जिंकलो.

१० मार्च

जिंकलो आहे. लोरीन विचारते, मोज्यांच्या खणात काय शोधतोस. मोजे, म्हणालो.

११ मार्च

पुन्हा गेलो. दारातूनच सांगितलं. हार्लन, तो सात होता. मी खिट्टी बदलली. एक्केचाळीसची दुसरी बसवली. जुनी ही बघ. तुझ्या हातात देतो.

घेतली नाही. म्हणाला, "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"जुनी घट्ट होती. ही पडायला आलेल्या दातासारखी हलते. शिवाय पिस्तुलाला बुटाच्या पॉलिशचा वास मारतो. डोळे गेलेत, नाक शाबूत आहे."

"मग एक का म्हणालास?"

त्यानं रेडिओचा आवाज कमी केला.

"वीस तारखेला सुई आहे. मुलगी टोलीडोला, तिला दर वेळी सुट्टी मिळत नाही. शेजारी फ्लोरिडाला गेला. एक म्हणालो तर तू नेशील, वाटलं."

वीस मार्च! प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत टेबल मांडावं लागतं, नाहीतर जागा जाते. मी म्हणालो, बघतो. माझ्या पिकअप ट्रकपाशी आलो. परत गेलो.

"किती वाजता?"

"साडेनऊ."

योजना: सव्वानऊला कोलंबस. साडेनऊला सुई. सुईला कितीसा वेळ लागतो? दहाला निघायचं, अकराला हॉल. तासभर हातात. उत्तम.

जुनी खिट्टी परत बसवली. स्प्रिंग या वेळी उडाली नाही. पाच मिनिटं.

२० मार्च, शुक्रवार

९.१० पोचलो. योजनेच्या पाच मिनिटं पुढे. लुगर ट्रकमध्ये, पेटीत, कुलपात.

९.५० डोळ्यात थेंब घातले. बाहुली मोठी व्हायची वाट.

१०.४० बाहुली झाली. डॉक्टर नाहीत.

११.२० हार्लनला आत नेलं. जाताना त्यानं माझी बाही धरली. सोडली नाही. नर्सनं सोडवली.

११.५० मंडळाला फोन केला. रूथरफर्ड म्हणाला, काळजी करू नको, टेबल रिकामं राहणार नाही, सुऱ्यांचा एक संग्राहक वाट बघतोय.

१२.०५ टेबल सुऱ्यावाल्याला दिलं.

१२.४० नर्स हार्लनला घेऊन आली. एका डोळ्यावर पट्टी. घरी कोण नेणार त्याची सही लागते, म्हणाली. माझं नाव विचारलं, फोन विचारला. मग, रुग्णाशी नातं?

मी तोंड उघडायच्या आत हार्लन म्हणाला, "ड्रायव्हर."

मी म्हणालो, मित्र लिहा. नर्स म्हणाली, लिहून झालं, आणि रकान्यात तेवढीच जागा आहे.

सही केली. पुढची सुई सतरा एप्रिलला. माझं कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी मला काही काम नाही. त्याच्यापुढच्या महिन्यातही नाही.