हाताला काम

आई, कॉलेजातली ती इंग्रजी कादंबरी आठवते? परीक्षेसाठी मी एकेक प्रकरण चुलीपाशी बसून तुला मराठीत सांगायची. हवेलीच्या माडीवर कोंडलेल्या वेड्या बाईचं प्रकरण आलं तेव्हा मी आवाज मुद्दाम घोगरा केला. वर्गात आम्ही सगळ्या शहारलो होतो. तू मात्र तव्यावरची भाकरी उलटलीस आणि विचारलंस, "दिवसभर तिच्या हाताले काय काम देत होते वं?"

काहीच नाही, मी म्हणाले.

"मंग ते बोंबलन नाही तं काय करन? लिवणाऱ्याले एवढं बी समजत नाही काय?"

तुला समजत होतं, कारण बाबांची बहीण, माझी आत्या, आपल्या सुताच्या खोलीत होती. तिने एकदा बाबांच्या मागावरचं अर्धं विणलेलं लुगडं कात्रीने उभं कापलं आणि तेव्हापासून बाहेरून कडी लागली. रोज सकाळी तू तिला गुंतलेलं सूत नेऊन द्यायचीस. ती दिवसभर मान खाली घालून ते सोडवायची, आणि संध्याकाळी अंगणात बसून तू तेच सूत पुन्हा गुंतवायचीस. एकदा मी मदतीला बसले तर हातावर फटका बसला. "तू पुस्तक घे. हे काम तुह्या हाताले लागलं नाही पाहिजे!"

लागलं, आई. तू गेलीस, बाबा गेले, माग भंगारात गेला. आत्या मात्र आहे. तिला पाहून माझं ठरलेलं लग्न मोडलं, पुढे कुणी विचारलंही नाही. शाळेत शिकवायला जाताना कडी मीच लावते. वर्गात सगळ्यांना त्या कादंबरीची नायिका व्हायचं होतं. माझ्या वाट्याला माडीवर ताट पोचवणारी बाई आली, आणि तिचं मला आता नावही आठवत नाही.

विकतचं सूत आत्या फेकून देते. तिला बाबांच्या हातचंच लागतं, आणि तेही हाताळून हाताळून तुटतं. म्हणून त्यांनी विणलेली तुझी लुगडी एकेक करून उसवली. माझ्या पदवीच्या दिवशी तू नेसलेलं जांभळं तेवढं राखलं होतं. आज त्यालाही हात घातला. रागावू नकोस, रागावलीस तरी मला कुठे ऐकू येणार आहे!

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. गुंता करायला बसले की अलीकडे मला बरं वाटतं. आज त्या जांभळ्यातलं थोडं सूत गुंतवून मी माझ्यासाठी बाजूला ठेवलं.