फाटकातून वाचता येईल असं अक्षर

४ जानेवारी
रडत बसायचं नाही, असं ठरवलं आहे. ठरवून साडेनऊ महिने झाले. आजपासून अंमल.
बागेच्या ऑफिसचं पत्र आलं. बायको रोज बसायची त्या बाकावर तिचं नाव लिहायला परवानगी मिळाली. वीस मार्चला तिला जाऊन वर्ष होईल. त्या सकाळी सगळ्यांनी बाकापाशी जमायचं, असं मुलीने ठरवलं आहे.
नाव पेंटरच्या हातचं नको. छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. स्वतःचा टाइपफेस करणार. जाड, सेरिफवाला, म्हणजे प्रत्येक अक्षराला खाली पाय. तिला लांबचं दिसत नसे आणि चष्मा ती लावत नसे. नाव फाटकातून वाचता आलं पाहिजे.
नावात अक्षरं तीन. दोन दिवसांचं काम.

६ जानेवारी
एकदम तिच्या नावाला हात घालणं बरं नाही. आधी हात बसला पाहिजे. 'ग' घेतला. पाय सुरेख आले. बूट घालून उभा असल्यासारखा दिसतो.
मुलगी म्हणाली, बाबा, आईच्या नावात ग कुठंय? म्हटलं, कामाची एक पद्धत असते.  

१५ जानेवारी
'ठ' दोनदा बिघडला. जाडी वाढवली की पोटातली जागा बुजते. उपाय सोपा: अक्षर मोठं करायचं. आता एकेक अक्षर फूटभर उंच. बाकाची फळी केवढी आहे ते नंतर बघू. फळी काही पळून जात नाही.

२ फेब्रुवारी
सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. अक्षरं आधी जवळून पाहिली, मग दारापर्यंत मागे जाऊन पाहिली. मग म्हणाले, 'लिफ्ट बंद आहे' एवढं करून द्या. एका दिवसात दिलं. टाइपफेसचा पहिला उपयोग.

७ फेब्रुवारी
लिफ्ट मंगळवारीच दुरुस्त झाली. पाटी उतरवायचा कोणाला धीर होत नाही. सगळे जिन्याने जातात. चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, एवढ्या जाड अक्षरात कोण खोटं लिहील.

१६ फेब्रुवारी
शेजारणीला 'मांजर हरवली आहे' करून दिलं. अक्षर इतकं भारदस्त, की तिच्याकडे दोघे सांत्वनाला येऊन गेले. मांजर पलंगाखाली होती.
बाकावरच्या नावाचं उद्या.

२८ फेब्रुवारी
मेहुणी आली. भाऊजी, ताईचं नाव कुठवर आलं? मी सगळे कागद पसरले. तिने एकेक पाहिला. म्हणाली, सगळी आहेत, नेमकी तीनच नाहीत. म्हटलं, राखून ठेवली आहेत. ती म्हणाली, ताई म्हणायची तेच खरं. तुम्ही पाटी बघत बसता, वाचत नाही. तुमच्यामुळे तिच्या तीन बस चुकल्या होत्या.
दोन. तिसरी उशिरा आली होती.

९ मार्च
फळी मोजली. चार बोटं.
'ग' आणि 'ठ' त्या मापाला लहान करून पाहिले. बारीक रेषा नाहीशा झाल्या, जाड भाग एकमेकांत शिरले. दोन ढेकळं दिसतात. बागेचा पेंटर म्हणाला, काका, मी ब्रशने लिहितो ना, पाच मिनिटं लागतील. म्हटलं, घाई नको, अकरा दिवस आहेत.
मार्ग सापडला. बाकाची फळी रुंद करायची. ऑफिसला अर्ज दिला.

१६ मार्च
अर्ज नामंजूर. त्यांचं म्हणणं, एवढ्या रुंद फळीचा बाक म्हणजे दरवाजा होईल. कल्पनाशक्ती नाही.
बाहेर पेंटर भेटला. बाक रंगवायला काढलेत, त्याला एक पाटी हवी: 'रंग ओला आहे. बसू नये.' सगळी अक्षरं तयारच होती. संध्याकाळी नेऊन दिली. आजवरचं सगळ्यात चांगलं काम.

१९ मार्च
सकाळी तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराची उभी रेघ काढली. दुपारी पेन्सिलला टोक केलं. चार वाजता पुन्हा केलं.
मुलगी आली. कागद पाहून शेजारी बसली. म्हणाली, पेंटरला फोन केलाय, बाकाला आज रंगाचा दुसरा हात दिलाय, पहाटे नाव लिहील. म्हटलं, तात्पुरतं चालेल.

२० मार्च
पांढरा शर्ट घातला. सगळे फाटकाशीच थांबले होते. बाकाला माझी पाटी टेकवलेली. चाळीस पावलांवरून लख्ख दिसत होती. 'ग' आपले बूट घालून उभा. त्याचे पाय बघत पुढे गेलो, बाकावर बसलो, पाठ टेकली.
मागून मुलगी म्हणाली, बाबा, पाटी. म्हटलं, बघतोच आहे.
मेहुणी हसू लागली, मग मुलगी. मग दोघी रडल्या. पेंटर म्हणाला, काका, आता हलू नका, नाव पसरेल. म्हणून बसून राहिलो. बाकीचे भोवती उभे राहिले.
बाकावरचं नाव आता पुसट आहे. पेंटर उद्या पुन्हा लिहील.
घरी आल्यावर मुलीने शर्ट मागितला. टर्पेंटाइनने निघेल म्हणाली. दिला नाही.
आरशाकडे पाठ करून, मान वळवून पाहिलं. पाठीवर हिरवे पट्टे, मधे काळ्या रंगात तिचं नाव. आरशात सुलट दिसतं. पेंटरचं साधंच अक्षर. पाय नाहीत. शेवटचं थोडं ओघळलंय.
चष्मा काढून पुन्हा पाहिलं. तरी वाचता येतं.