खाली होडी, वर घर

१२ फेब्रुवारी १९७२
गेल्या पावसाळ्यातल्या एका सकाळी मी अंगण झाडलं, चूल सारवली, मासे साफ करून वाटे लावले. हे होडीच्या भेगांत डांबर भरत होते. विशेष काही घडलं नाही. पुढच्या महिन्यात हे तापानं गेले. आठवते ती हीच सकाळ.
आज मिठाच्या पुडीच्या कागदावर जपानचा फोटो निघाला. मासेमाऱ्यांचं गाव. खाली पाण्यात होडी, वर माणसं राहतात. पुड्यांवरच वाचायला शिकले, म्हणून सगळं वाचलं. ह्यांची होडी उन्हात तडकतेय. तलावाकाठी तसंच घर बांधायचं. मग एकदा जपानला जाऊन यायचं, आपलं बरोबर झालंय का बघायला.

५ मार्च
पाण्याला लागून घराच्या खांबांसाठी चार मेढी रोवल्या. धाकटे दीर सूर्यभान म्हणाले, वहिनी, होडी फोडून सरपण करू, लई जळंल. त्यांना प्लॅन कळत नाही.

२२ एप्रिल
पाणी मागे सरलं. उन्हाळ्यात सरतंच. मेढी उपटून पुढे रोवल्या. भावजी शिव्या देत होडी ओढू लागले.

३० ऑगस्ट
पाऊस नाही. मेढी पुन्हा पुढे. शेजारच्या रतनबाई काठावरून ओरडल्या, अगं, तुजं घर चालतंय व्हय? जपानपत्तुर पायीच न्हेती का काय? बायका हसल्या. जपानच्या बायकांनाही आधी कोणीतरी हसलंच असेल.

१९ नोव्हेंबर
मेढी आता तलावाच्या मधोमध. एक बरं, यापुढे हलवायला नकोत. डबक्यात होडी टेकली आहे. फोटोतल्यासारखीच दिसते. जवळजवळ.

११ जानेवारी १९७३
डबकं आटलं. समुद्राला भरती येते. इथेही येईल.

२ फेब्रुवारी
दुष्काळी काम आपल्याच तलावात निघालं. गाळ काढणार. मुकादम छगन म्हणाला, मावशी, मेढी काढा, हितं खांदायचंय. होडी छावणीला द्या, जनावरास्नी कडबा टाकाया हुईल. मी सांगितलं, इथं घर होतंय. त्यानं विचारलं, ऱ्हानार कोन त्यात?
मी एकटी. मला वल्हवताही येत नाही. शिकवीन म्हणाले होते हे.

३ फेब्रुवारी
सकाळी मेढी उपटल्या. होडी छावणीवर पोचवली. मग गाळाच्या कामावर नाव लावलं.