सुतकातला व्हायोला

१७ फेब्रुवारी
हिंगोलीचा हॉल पक्का झाला. शाळेत असताना शिकवलेल्या सरांनीच सगळं जमवलंय. माइक नको हे तीनदा सांगावं लागलं. सर म्हणाले, मागच्यांना काय ऐकू येईल मग? म्हटलं, आधी मागं कोणी बसू तर द्या.
२८ला कार्यक्रम. पुण्यात चौघं इतकी वर्षं वाजवतोय, माझ्या जिल्ह्यात पहिल्यांदाच. हट्ट माझाच. अनघा, साहिल यांची व्हायोलिनं, जोसेफचा चेलो, मधे माझा व्हायोला, व्हायोलिनचाच थोरला भाऊ. आई त्याला अजून सारंगी म्हणते. तिघं २७ला येतील. मी आधीच गावी आई-अण्णांकडे आले, रियाजही होईल आणि हळदीला हातभारही. शिजवलेली हळद अंगणभर वाळत पडलीय, पाय ठेवायला जागा नाही.

१९ फेब्रुवारी
सकाळी मुंजाजीकाका गेले. अण्णांचे चुलतभाऊ, घर चार दारं सोडून. शेतातून आले, पाणी मागितलं, आणि संपलंच. मला खांद्यावर बसवून बाळापूरचा बाजार दाखवणारा माणूस. गंगाकाकू भिंतीला टेकून बसलीय, रडतसुद्धा नाही.
वाईट वाटलं, खरंच वाटलं. आणि तिथंच उभ्या उभ्या मनात २८ तारीख आली. काय बाई आहे मी.

२० फेब्रुवारी
सुतक. भावकीतल्या सगळ्या घरांना, तेराव्यापर्यंत. फोडणी नाही, देवापुढं दिवा नाही, टीव्ही नाही. वाजवणं तर नाहीच नाही. मी म्हटलं, मला कशाला? आई म्हणाली, लग्न करून गेली असतीस तं नसतं लागलं. घ्या! काकांच्या मरणातही माझं लग्न.
संध्याकाळी काकूच्या दारात भजन. टाळ, पखवाज, पेटी, सगळं दणकून. भजन चालतं. व्हायोला चालत नाही.

२२ फेब्रुवारी
मागच्या खोलीत कडी लावून बसते. गज न घेता नुसती डाव्या हाताची बोटं तारांवर. हा कसला रियाज. कार्यक्रमातल्या दुसऱ्या रचनेचा शेवटचा भाग त्यातल्या त्यात अवघड, पळता, नाचरा, आणि सुरू होतो तो माझ्यापासून. मी एकटी, बाकी तिघं थांबून. मी सुरू केलं नाही तर कुणालाच सुरू करता येत नाही.
दुपारी पत्रा तापला, खुंटी सरकली, तार वाजली. टण्णकन. अंगणात हळद निवडणाऱ्या बायांत कुजबुज सुरू. आई आत आली. व्हायोला उचलून लोखंडी कपाटात ठेवला, किल्ली कमरेला लावली.
तेहेतीस वर्षांची घोडी मी, कपाटासमोर उभी.

२३ फेब्रुवारी
अण्णांना सांगितलं, मी जाणार आणि वाजवणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "जा की. म्या काय धरून ठेवलंय व्हय? पण उद्या मी मेलो तं खांदा द्याला भावकीतलं कोण येईल, तेवढं सांगून जा."
बॅग भरली. बॅग रिकामी केली.
अनघाचा फोन. पहिलं व्हायोलिन तिचं, म्हणून हुकूमही तिचाच. तयारी कशी आहे? एकदम मस्त, म्हटलं. सुतक म्हणजे काय हे तिला समजावण्याचं त्राण नव्हतं. आणि ती रद्द करू म्हणाली असती तर… नको.

२५ फेब्रुवारी
अण्णांनीच वाट काढली. मला आबांकडे घेऊन गेले. आबा भावकीत थोरले, त्यांच्या शब्दापुढं कोणी जात नाही.
सवाल असा निघाला की हे वाजवणं भजनातलं का लग्नातलं? लग्नातलं असंल तर विषय संपला. पण ऐकल्याबिगर कसं कळावं, आणि सुतकात ऐकावं कसं? चहा होऊन गेला तरी तेच चाललेलं. शेवटी अण्णा म्हणाले, कानात घालून ऐका, घराला ऐकू गेलं न्हाई म्हंजी झालं.
मोबाइलवर आमची तालीम होती, त्या दुसऱ्या रचनेचे चारही भाग. मी त्यातला दुसरा भाग लावला, संथ. मुद्दाम.
आबा डोळे मिटून ऐकत राहिले. उपरण्यानं नाक पुसलं. "हे लग्नातलं न्हाई पोरी. हे आपल्यातलंच हाय. वाजिव. पण असंच. मधी दुसरं घुसवू नको."
व्हय आबा, म्हटलं.
आईनं किल्ली दिली. आनंद व्हायला पाहिजे होता.

२६ फेब्रुवारी
अनघाला विचारलं, शेवटचा भाग गाळू या का? ती म्हणाली, पंगतीला बसवायचं आणि भातच वाढायचा नाही, असं आहे हे. नाही म्हणजे नाही. मनातून मलाही हेच ऐकायचं होतं. चार महिने घासलाय तो भाग.
सुरुवातीच्या फ्रेंच रचनेची भीती नाही. शंभरेक वर्षांपूर्वीची, मधेच नुसत्या बोटांनी तारा छेडायच्या. ती भजनातही बसत नाही, लग्नातही नाही, त्यामुळे कुणाला राग यायचं कारण नाही. पण दुसरी, तिच्याहून जुनी, तिचा शेवट लग्नातला वाटतो हे कुणालाही कळेल. ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलतो.
आणि आता हे. आबांनी सगळ्या भावकीत सांगितलं की मुंजाजीचं दहाव्याचं भजन हिंगोलीला, मोठ्या हॉलात, पुण्याची पार्टी येऊन राहिली. टेम्पोसुद्धा ठरला. आई सकाळपासून माझ्याशी गोड बोलतेय.
अण्णा हळूच म्हणाले, दिवाळीत ऐकवलं होतंस ते पळतं हाय ना ह्यात? मी हळदीचं सूप उचलून अंगणात गेले. तेही टेम्पोचं बघायला निघाले.

२७ फेब्रुवारी
तिघं आले. हॉलमध्ये तालीम. इतक्या दिवसांनी मोठ्यानं वाजवलं आणि रडूच आलं. जोसेफ म्हणाला, हात जड झालाय गं तुझा. तिघांना उन्हाचा त्रास, मच्छरांचा त्रास, लॉजच्या पाण्याचा त्रास. आज त्यांना सुतकाचं सांगायचं मी ठरवलं होतं. नाही सांगितलं. कुठून सुरू करायचं?

२८ फेब्रुवारी, हॉलच्या मागच्या खोलीत
पडद्याच्या फटीतून बघून आले. पुढच्या तीन ओळी आमच्याच. सकाळीच नदीवर दहाव्याचं मुंडण करून आलेले पुरुष, टोपी हातात घेऊन बसलेत. आबा मधोमध. त्यांच्या शेजारी अण्णा, नजर खाली. सर खुशीत आहेत, एवढी गर्दी त्यांनी धरलीच नव्हती.
स्टेजवर समईजवळ मुंजाजीकाकांचा फोटो. हार घातलेला. आबांच्या नातवांनी आणून ठेवला. संस्थेचे कुणी संस्थापक असतील समजून जोसेफनं नमस्कार केला. साहिलनं मला विचारलं, कोण हे? काका, म्हटलं आणि खुंटी बघायला वळले.
गंगाकाकूही आलीय. ती दाराबाहेर पडणार नाही असं मी धरून चालले होते. आबा म्हणाले म्हणे, भजनाला काय हरकत. ती बायकांबरोबर कडेनं आत चालली होती, मी पायरीवर दिसले तशी थांबली. माझा हात धरला. हात गरम होता तिचा.
"वैशू, ह्याच्यात ह्यांचं नाव कुठं येतं गं?"
भजनात येतं ना नाव. देवाचं येतं, गेलेल्याचं येतं. ती त्याची वाट बघत बसणार. काकू, ह्यात कुणाचंच नाव नसतं, असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "शेवटी."
"मंग म्या जागी ऱ्हाते," म्हणाली. "इतक्या दिसात डोळा लागला न्हाई. मधी डुलकी लागली तं उठव म्हणते सूनबाईला."
आणि आत जाऊन बसली, फोटोच्या बरोब्बर समोर.
आबांना शब्द दिला की पळतं वाजवणार नाही. अनघाला कबूल केलं की सगळं वाजवणार. आणि आता काकूला शेवटी नाव देऊन बसले. माय गं.
तिघं तारा जुळवून राहिलेत. माझा लागलाय, खुंटी घट्ट आहे. सर दोनदा बोलवून गेले. अनघा म्हणतेय, काय लिहीत बसलीयेस, चल.
शेवटचा भाग माझ्यापासून सुरू होतो. तिघं थांबतील. काकू पण.