भिंगरीची उजवी बाजू

काल सकाळी भिंगरीने पुढचा उजवा पाय नालबंदांच्या हातात दिला आणि ते खूर तपासून होईपर्यंत ती शांत उभी राहिली. ही गोष्ट मला स्वतः नालबंदांनी सांगितली, आणि आज लिहायला बसण्यापूर्वी पुन्हा विचारले तेव्हाही तेच म्हणाले. भिंगरी हे आमच्या घोडीचे या वर्षीचे शिंगरू. तिच्या उजव्या बाजूला मी आजवर हात लावलेला नाही. म्हणून माझे आधीचे मृत्युपत्र रद्द करून हे नवे करीत आहे.

मी, खाली सही करणारी, एका चाबूकस्वाराची विधवा आणि त्यांच्यामागे स्वतः घोडे शिकवून पोट भरलेली बाई, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. घोड्यांचे डॉक्टरही द्यायला तयार होते, पण वकील म्हणाले, "बाई, माणसांच्याच डॉक्टरांचा लागतो." हृदय मात्र ठिकाणावर नाही, हेही त्याच डॉक्टरांनी सांगितले आहे. लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. थकवा आहे, पण थकवा म्हणजे दबाव नव्हे, असे वकिलांचे मत पडले.

राहते घर माझ्या पश्चात मुलगा आणि मुलगी यांनी समसमान घ्यावे. मुलगा दुचाकींचे गॅरेज चालवतो. दर फोनला म्हणतो, "आई, विकून टाक सगळं आणि इकडे ये. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे." लिफ्टमध्ये मी दिवसभर काय करायचे, ते त्याने अजून सांगितलेले नाही. पोरगा मनाने चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. बँकेत माझे आजारपण भागवून जे उरेल तेही दोघांचे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मुलीला नेमते, कारण ती कागद आधी वाचते आणि मग सही करते. तिच्या भावाचे उलटे आहे.

खोगीर मुलीला. ती आता घोड्यावर बसत नाही, पण लहानपणी त्याच खोगिरावर झोपायची. खरारा, ब्रश आणि खूर साफ करायचे हूक नालबंदांना. घोडीही त्यांनीच न्यावी, त्यांच्याकडे तिला पुरेल एवढे कुरण आहे. तिला गाडीला जुंपू नये आणि तिच्या कानांना कोणी हात लावू नये. का, ते पुढे येईल.

माझ्या यजमानांचा चाबूक धाकट्या दिरांना. यजमानांनी तो उभ्या जन्मात एकदाही चालवला नाही, नुसता काखेत धरून फिरायचे. दिरांनी तो भिंतीवर टांगावा आणि मधूनमधून त्याच्याकडे बघावे.

आता दिरांविषयी. त्यांना घोड्यातले कळत नाही असे मी म्हणणार नाही. घाई आहे, एवढेच. त्यांची पद्धत म्हणजे दोर आणि खांब. शिंगरू खांबाला बांधायचे, ओढून ओढून त्याने नाद सोडला की शिकले म्हणायचे. आमची घोडी लहान असताना त्यांनी अशीच तयार केली होती. ती तयार झाली, पण त्या दोराने कान सोलले ते सोललेच. अजून कोणाचा हात कानाजवळ गेला की ती मान वर फेकते आणि डोळ्यांत पांढरे दिसते. ते पाहून मी एकदा दिरांना म्हणाले, "भाऊजी, घोडी शिकली नाही, हरली." त्यावर माझी जाऊ, म्हणजे त्यांची बायको, भर अंगणात म्हणाली, "बाईमाणसाच्या हाती पागा गेली की असंच ऐकायला मिळणार." यजमान जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. अंगणाच्या मधोमध कुंपण पडले. अगदीच नड असली तर आम्ही घोडीला ऐकवतो. "सांगा गं कुणीतरी, आभाळ आलंय, कपडे भिजतील," असे मी घोडीला म्हणते आणि पलीकडून दोरीवरचे कपडे निघतात.

तरीही जुन्या मृत्युपत्रात भिंगरी मी दिरांनाच दिली होती. दुसरे कोण होते? मुलांना घोडा नको, नालबंदांना शिंगरू शिकवायला सवड नाही. "वहिनी, माझ्याकडे द्या, आठवड्यात सरळ करतो," असे दीर ती जन्मल्यापासून म्हणत आले. मी सही केली त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

भिंगरीला मी आतापर्यंत कशी हाताळली ते लिहून ठेवते, कारण पुढे ज्याच्या हाती ती जाईल त्याला ते ठाऊक असावे. सुरुवातीला मी तिच्याजवळ गेलेच नाही. बादली पालथी घालून तिच्याकडे पाठ करून बसायचे. ती मागून येऊन केस हुंगायची, पदर चावायची, दचकून पळायची, पुन्हा यायची. पहिला हात खांद्याला, तोंडाला कधीच नाही. मानेच्या मुळाशी, जिथे तिची आई दातांनी खाजवते, तिथे बोटांनी खाजवायचे. आणि हात आपण आधी काढायचा, तिला नकोसा व्हायच्या आत. म्होरकी, म्हणजे तोंडावर चढवायची दोरी, आधी कुंपणावर टांगून तिला हुंगू दिली, मग नाकावरून घातली आणि लगेच काढली. पायाचे तसेच. खांद्यावरून हात खाली न्यायचा, तिने भार दुसऱ्या पायावर घेईपर्यंत थांबायचे, जरासा उचलायचा आणि तिने हिसकायच्या आधी आपणच खाली ठेवायचा. कंटाळवाणे काम आहे. पण एकदाही ओढाताण झालेली नाही.

मात्र हे सगळे डाव्या बाजूने. आमच्या धंद्यात सगळेच डावीकडून. म्होरकी डावीकडून, खोगीर डावीकडून, चढणेही डावीकडून. उजवी बाजू मागाहून बघू म्हणून सगळे ठेवतात. घोड्याला मात्र जे एका बाजूला सवयीचे, ते दुसऱ्या बाजूला नवे असते. मला हे माहीत आहे, पण माझा खांदा आता उचलला जात नाही आणि दिवसाला एका बाजूपुरतेच बळ उरते. म्हणून काल मी नालबंदांना बजावले होते, "उजवीकडे जपून, लाथ मारेल." ते परत येऊन म्हणाले, "कशाची लाथ! पाय हातात आणून दिला पोरीने. कोण शिकवतंय?"

त्याच दुपारी मी पागेच्या खिडकीशी बसले. जाऊ ओले कपडे घेऊन आली. भिंगरी चालत गेली आणि कुंपणाला उजवी कूस लावून उभी राहिली, रोजचे असल्यासारखी. जावेने पदराला हात पुसले, मानेच्या मुळाशी खाजवले, मग वाकून कुंपणाच्या फटीतून पाय उचलला आणि भिंगरीने हिसकायच्या आधी स्वतःच खाली ठेवला. म्हणाली, "पुरे हं चोमडे. आता कपडे कोण वाळत घालणार, तुझी आई?"

आतून दिरांचा आवाज आला, "कोणाशी बोलतेयस?"

"कुंपणाशी. त्याला तरी ऐकू येतं."

तिला हे मी शिकवलेले नाही. आम्ही बोलतच नाही. ती इतकी वर्षे कपडे वाळत घालता घालता बघत होती, दुसरे काय.

सबब भिंगरी मी माझ्या धाकट्या जावेला देते. मालकी तिची एकटीची. तिच्या नवऱ्याचा भिंगरीवर कोणताही हक्क राहणार नाही. भिंगरीला विकणे, बांधणे किंवा कोणाच्या हाती देणे हे जावेच्या परवानगीवाचून होऊ नये. भिंगरी मोठी होईपर्यंत पागेचा आणि कुरणाचा वापरही जावेचाच, मग ते मुलांकडे जावे. यात मी तिला माफ केले असे कोणी समजू नये. अंगणातले ते वाक्य मला अजून लागते. पण तिचा हात हलका आहे, आणि भिंगरीच्या कामाचे तेवढेच आहे.

शनिवारी घोडीला खालच्या कुरणात न्यायचे ठरले आहे, म्हणजे भिंगरीचे दूध तुटेल. ती ओरडेल, कुंपणाला धडका देईल. आवाज ऐकून दीर दोर घेऊन येतील. मृत्युपत्र माझ्यामागे लागू होणार, आणि शनिवार तर परवावर आला. अंगावर धावून जायचे बळ माझ्यात उरलेले नाही. म्हणून उद्या सकाळी म्होरकी कुंपणावर पलीकडच्या बाजूला टांगून ठेवणार आहे आणि घोडीला सगळे, भिंगरी आजपासून कोणाची तेही, मोठ्याने सांगणार आहे. जाऊ कपडे घेऊन येईल, तेव्हा ऐकेल. म्होरकी ती घरात घेऊन जाईल असे मला वाटते.

सही: मृत्युपत्र करणारी

आमच्यासमोर सही केली, आम्ही तिच्यासमोर केली:
१. वकील
२. डॉक्टर (माणसांचे)

ठिकाण: पागेची पुढची खोली
दिनांक: नऊ, गुरुवार