ओपलला कायद्याने खाली खेचण्याचा बेत

१० जून, सकाळ
शाळेत नाव घातलं. अमेरिकेचा इतिहास आणि राज्यकारभार, उन्हाळी वर्ग, पाच आठवडे. नववीत शाळा सुटली त्याला छप्पन वर्षं झाली. सगळ्यांना सांगितलं की नात ब्रिन या विषयात नापास झाली, तिला सोबत म्हणून जाते. खरं कारण या वहीपुरतं: ओपल. चर्चमधल्या जेवणांची वीस वर्षं तीच प्रमुख. परवाच्या रविवारी माझं गाजर घातलेलं जेलीचं सॅलड तिने टेबलाच्या पार टोकाला, कचऱ्याच्या डब्यापाशी नेऊन ठेवलं. विचारलं, तर सगळ्यांदेखत म्हणाली, "व्हर्ना, तू शाळा सोडलीस नववीत. इथले नियम तुला नाही कळायचे."
बघतेच आता.

१२ जून
वर्गात अकरा मुलं नि मी. ब्रिन तीन बाकं सोडून बसते, माझं लक्ष विचलित होऊ नये म्हणून. गुणाची पोर. हिरवी कानातली घातली होती, काय शोभतात! हॅलोरन सरांनी इंग्लंडच्या राजाविरुद्धचा जाहीरनामा शिकवला. सत्तावीस तक्रारी. घरी येऊन ओपलविरुद्धच्या लिहायला बसले. चौतीस झाल्या, आणि अजून नाताळाच्या जेवणापर्यंत पोचलेच नाही.

१७ जून
महाभियोगाला दोन तृतीयांश मतं लागतात. एवढं कोण करत बसणार. सरळ निवडणूकच घ्यावी.
गृहपाठ राहिला. परसातला रूबार्ब काढायला आला होता, त्याच्या आंबट देठांचे ॲपल-पायसारखे गोड पाय भाजले.

२३ जून
चाचणीत वीसपैकी सात. सर म्हणाले, ओपल नावाची बाई अमेरिकेची अध्यक्ष कधीच नव्हती. मास्तर जरा गमतीदार आहेत.

२७ जून
चर्चची जेवणं करणाऱ्या आम्ही एकूण वीसजणी. ओपल नि मी सोडून अठराजणींना फोन केले. सगळ्या म्हणाल्या, "बघू गं." म्हणजे अठरा मतं पक्की. धाकटी बहीण आयडा तर म्हणाली, "ताई, मला विचारायला हवं का?" रक्ताचं नातं ते.

३ जुलै
ओपलला निवडणुकीचं सांगितलं. "घे की," म्हणाली. घाबरलीय.
निवडणूक चालवणार कोण? मीच, शिकलेली मी एकटीच. सर म्हणाले होते, सिनेटमध्ये अध्यक्षस्थानी बसणारा मत देत नाही, बरोबरी झाली तरच देतो. तेव्हा मीही देणार नाही. नियम काय असतात ते ओपलला दाखवतेच. ब्रिन म्हणाली, "आजी, तूच उभी राहणार, तूच मतं मोजणार, आणि स्वतःला मत मात्र देणार नाहीस?" पोर नापास का झाली ते कळलं.

६ जुलै, दुपारी
चर्चच्या तळघरात मतदान. पाककृतीच्या कार्डांच्या पाठीवर गुप्त चिठ्ठ्या. मोठ्याने वाचल्या. ओपल. ओपल. ओपल. अशा अठरा.
एकोणिसावी: व्हर्ना. जांभळ्या शाईत.
जांभळं पेन गावात एकच. चर्चच्या जेवणाला आम्ही नेतो त्या भांड्यांच्या बुडाला चिकटपट्टीवर सगळ्यांची नावं ज्या पेनाने लिहिलेली असतात ते. ओपलचं.

११ जुलै
परीक्षेचा निकाल. ब्रिन पास, ऐंशी! चौकात उभी राहून सांगावंसं वाटतं. मला अठ्ठावन्न, लागतात साठ. सिनेटच्या अध्यक्षाच्या मताचा प्रश्न मात्र साऱ्या वर्गात माझा एकटीचाच बरोबर आला.
संध्याकाळी ओपल माझा जेलीचा वाडगा द्यायला आली, घासूनपुसून. मत का दिलंस म्हणून विचारलं. म्हणाली, "अगं, आपलंच नाव लिहायचं, बरं दिसतं का? आणि दुसरं उभं होतंच कोण?" जाता जाता म्हणाली, "तुझं सॅलड टोकाला ठेवते ना, तिथे एसीची हवा येते. नाहीतर जेली वितळते, वीस वर्षं हाच नियम."
पहिली तक्रार खोडली. तेहतीस उरल्या. पण मला मत देणारी ती एकटीच, तिच्यावर सूड तरी कसा उगवायचा?
नवीन पान घेतलं. अठराजणींची नावं लिहिली. सगळ्यात वर आयडा.